माझाच कॉम्प्युटर, आणि मलाच परवानगी नाही?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघणाऱ्या ताईंनी हे पत्र लिहिलं आहे. ऑफिसातला कॉम्प्युटर दहा-अकरा वर्षांचा आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, १०० जीबीचा सी-ड्राइव्ह आणि त्यात उरलेली जागा जेमतेम दीड जीबी. २०२३ साली एका मेकॅनिकने विंडोज ७ काढून विंडोज १० ‘मारून’ दिली. आता मार्चअखेर तोंडावर आला आहे आणि मशीन इतकं रडतंय की टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा थंड होतो. ताईंनी रविवारी साफसफाई काढली, तर प्रत्येक फोल्डर वेगळाच नकार देऊ लागला. कुठे ‘ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी लागेल’, कुठे ‘एस-१-५-२१…’ अशा लांबलचक नंबराची परवानगी, कुठे ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’, तर कुठे नुसतंच ‘ॲक्सेस इज डिनाइड’. सर्वांत मोठं, ३८ जीबीचं फोल्डर आहे ‘विंडोज डॉट ओल्ड’, म्हणजे बाजूला ठेवलेल्या जुन्या विंडोजचं. त्यात आधीच्या हिशेबनीसाच्या नावाचं फोल्डर आहे, आणि ते गृहस्थ कुरबुरी होऊन सोडून गेले. पुतण्या म्हणतो, सी-ड्राइव्हवर ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल, म्हणजे कोणालाही सगळं करायची मुभा, देऊन टाक. मेकॅनिक म्हणतो, फॉरमॅट मारू. मालक म्हणतात, मार्चपर्यंत एक रुपया घालायचा नाही. ताई विचारतात: ऐकू कोणाचं?

ताई,

तिघांचंही आत्ता लगेच ऐकू नका. तिघांनी आपापलं उत्तर सांगितलं, पण कॉम्प्युटर काय सांगतोय ते कोणी वाचलेलं दिसत नाही. तुम्हाला आलेले नकार चार वेगळ्या कारणांचे आहेत. त्यातला एक मोडायचा आहे, एक थांबून सोडवायचा आहे, आणि दोन तसेच राहू द्यायचे आहेत.

त्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य: ‘ॲडमिनिस्ट्रेटर मीच आहे, तरी मलाच नाही म्हणतो.’ ही तक्रार फार जणांची असते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे घराचा मालक नव्हे, ज्याच्याकडे किल्ल्यांचा जुडगा सोपवला आहे तो. तो जुडगाही विंडोज दिवसभर तुमच्या हातात ठेवत नाही. रोजची कामं साध्या हक्कांनी चालतात. स्क्रीन काळवंडून ‘येस की नो’ विचारणारी चौकट येते, त्या घटकेपुरता जुडगा मिळतो. शिवाय विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सिस्टमच्या फाइल्सची मालकी ॲडमिनिस्ट्रेटरकडे नाहीच. ती ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाच्या आतल्या खात्याकडे असते. कारण सरळ आहे. ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावाने चालणारा व्हायरसही ॲडमिनिस्ट्रेटरच असतो.

म्हणून पहिला नियम असा धरा. ‘विंडोज’ फोल्डरच्या आत ट्रस्टेडइन्स्टॉलरचं नाव दिसलं की तिथून हात मागे घ्यायचा. विशेषतः दोन फोल्डर लोकांना मोह पाडतात. ‘विनएसएक्सएस’ अवाढव्य दिसतं, पण त्यातल्या बऱ्याच फाइल्स इतर ठिकाणच्याच फाइल्सची दुसरी नावं असतात आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. खरा आकार दिसतो त्याहून कमी असतो. दुसरं ‘इन्स्टॉलर’. ते उडवलं तर आज काही बिघडत नाही, पण सहा महिन्यांनी एखादं सॉफ्टवेअर काढताना किंवा अपडेट करताना ते आपली जुनी फाइल मागतं आणि अडून बसतं. तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

आता तो ‘एस-१-५-२१’ नंबर. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतं. २०२३ मध्ये नवी विंडोज टाकली तेव्हा खाती नव्याने तयार झाली. आधीच्या खात्याचं नाव ‘अकाउंट्स’ होतं आणि तुमचंही ‘अकाउंट्स’ असलं, तरी नाव एकच आणि आधार नंबर निराळा असलेल्या दोन माणसांसारखी ती दोन खाती आहेत. जुन्या फाइल्सवर जुना नंबर आहे. नव्या विंडोजकडे त्या नंबराचं खातंच नाही, म्हणून ती नाव न दाखवता नुसता नंबर दाखवते. हा नकार रीतसर मोडता येतो. पण मोडण्याआधी, ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये कचराच आहे हे तुम्ही कशावरून धरलंत?

अपग्रेड झाल्यावर हे फोल्डर साधारण १० दिवसांनी विंडोज आपणहून काढून टाकते. पेनड्राइव्हवरून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मात्र ते अनेकदा पडून राहतं. तुमच्या मेकॅनिकने फॉरमॅट न करता वरच्यावर विंडोज टाकली, त्यामुळे २०२३ आधीचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, बँकेची स्टेटमेंट्स, डिलिव्हरी चलनं, कदाचित टॅलीचा जुना डेटाही त्या ३८ जीबीत असण्याची दाट शक्यता आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. २०२२-२३ या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हवेत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त. मेकॅनिकचा ‘फॉरमॅट मारू’ हा सल्ला इथेच गळून पडतो. निदान आत्ता तरी.

म्हणून कामाचा क्रम उलटा करा: आधी प्रत काढायची, मग पुसायचं.

सगळ्यात आधी टॅलीतूनच बॅकअप घ्या. शिवाय टॅली बंद करून तिचं डेटा फोल्डरही बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. तो बॅकअप दुसऱ्या एखाद्या मशीनवर रिस्टोर करून उघडतो का, ते बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप हिशेबात धरू नका.

मग डिस्कची तब्येत. हे इतक्या लवकर सांगण्याचं कारण असं की परवानगीच्या तक्रारींच्या गर्दीत मरणाऱ्या डिस्कची तक्रार लपून जाते. ‘फाइल ऑर डिरेक्टरी इज करप्टेड अँड अनरीडेबल’ किंवा ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असे शब्द कुठे दिसले असतील, तर तो परवानगीचा प्रश्न नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर टाकून बघा. वरती ‘गुड’ असेल तर पुढे चला. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असेल, अथवा ०५, सी५, सी६ या ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्याखेरीज काही असेल, तर साफसफाई विसरा आणि फक्त प्रती काढा. हा आकडा काही वेळा सोळाच्या पद्धतीने, म्हणजे अंकांत अक्षरं मिसळून, लिहिलेला असतो, तरी शून्य ते शून्यच. अशा डिस्कवर आधी चेकडिस्कची, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासणीची, लांबलचक दुरुस्ती लावायची नाही. कित्येक तास डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचणं हेच तिचं शेवटचं काम ठरू शकतं.

डिस्क ठीक असेल तर एकदा हे करा: धिस पीसीमध्ये सी-ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. वीज गेल्यावर धाडकन बंद पडलेल्या मशीनमध्ये फाइलींच्या नोंदी विस्कटतात आणि अशी फाइल कधी कधी मालकालाही ओळख देत नाही. एमआयडीसीत वीज कशी जाते-येते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. यूपीएसची बॅटरी पाच मिनिटंही टिकत नसेल, तर मोठी साफसफाई रात्रीवर सोडू नका.

आता जुन्या हिशेबनीसांचं फोल्डर. इथे तांत्रिक प्रश्न सोपा आहे, दुसरा अवघड. ते कारखान्याचं मशीन आहे, त्यातला हिशेब कारखान्याचा आहे, पण त्या फोल्डरमध्ये त्यांचे घरचे फोटो, स्वतःचे बँकेचे कागदही असू शकतात. कुरबुरी होऊन गेलेला माणूस उद्या ‘माझ्या खासगी गोष्टी उघडल्या’ म्हणाला तर बोट तुमच्याकडे येईल, मालकाकडे नाही. तेव्हा मालकांना व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका: ‘जुना डेटा काढण्यासाठी अमुक फोल्डर उघडत आहे, तुमची परवानगी हवी.’ ‘हो’ आलं की ते जपून ठेवा. त्या गृहस्थांना एक फोन झाला तर उत्तम. काय कुठे ठेवलंय ते दोन मिनिटांत कळेल, आणि त्यांचं खासगी फोल्डर पेनड्राइव्हवर देता येईल. ज्या खात्यासाठी तुम्ही परवानगी मागताय, त्यामागे एक माणूस आहे, एवढं ध्यानात असू द्या.

हो आल्यावर त्या फोल्डरवर डबल क्लिक करा. ‘सध्या तुम्हाला परवानगी नाही’ अशी चौकट येईल आणि खाली ‘कंटिन्यू’ असेल. तेच दाबा. पुष्कळदा एवढंच पुरतं. विंडोज तुमचं नाव त्या फोल्डरच्या यादीत चढवते. हजारो फाइल्स असतील तर हिरवी पट्टी दहा-पंधरा मिनिटं रेंगाळते. ते अडकणं नाही, थांबा.

कंटिन्यू करूनही दार उघडलं नाही, तरच मालकी बदला. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ‘ओनर’समोर जुना नंबर दिसेल, शेजारच्या ‘चेंज’वर जा, आपल्या खात्याचं नाव टाइप करा, ‘चेक नेम्स’ दाबा. नावाखाली रेघ आली म्हणजे विंडोजने ओळखलं. ओके केल्यावर ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’वर टिक करून अप्लाय. मग सगळ्या खिडक्या बंद करा आणि पुन्हा त्याच जागी या. लोक नेमके इथे चुकतात, तीच खिडकी उघडी ठेवून पुढे जातात आणि ‘मालकी घेतली तरी होईना’ म्हणतात. पुन्हा आल्यावर ‘ॲड’, ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’, आपलं नाव, ‘फुल कंट्रोल’. मालकी आणि वापराचा हक्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर नावावर झालं तरी कुलूप उघडावं लागतंच.

एक अपवाद. फाइलीचं नाव हिरव्या अक्षरांत किंवा चिन्हावर छोटं कुलूप दिसत असेल, तर ती जुन्या खात्याच्या किल्लीने गुप्त केलेली आहे. मालकी घेऊन ती उघडणार नाही. ती किल्ली आधीच्या खात्याबरोबर गेली.

हे सगळं फक्त ‘विंडोज डॉट ओल्ड’मधल्या ‘यूजर्स’च्या आत करायचं. पुतण्याने सुचवलेला मार्ग ह्याच खिडकीतला आहे, फरक इतकाच की तो सी-ड्राइव्हच्या मुळाशी करायचा म्हणतो. तसं केलं की त्या दिवशी सगळं उघडतं, पोरगं खूश होतं. मग कधी स्टार्ट मेनू दाबला तरी उघडत नाही, कधी अपडेट अर्ध्यावर सोडून जातं, आणि पेनड्राइव्हमधून आलेल्या कुठल्याही भंगार प्रोग्रॅमला सिस्टमच्या फाइली बदलायची मुभा मिळते. हे पूर्ववत करणारं बटण नाही. बहुतेक वेळा शेवट विंडोज पुन्हा टाकण्यातच होतो. पुतण्याचा हेतू चांगला आहे, त्याला बाहेरच्या डिस्कवर प्रती काढायचं काम द्या.

प्रती निघाल्या, दोन-चार फाइली उघडून पाहिल्या, की ‘विंडोज डॉट ओल्ड’ हाताने डिलीट करू नका. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादीत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ असेल, तिथे टिक करून काढा. हे काम विंडोज स्वतःच्या हक्काने करते, म्हणून तिथे परवानगीचा तंटा उभा राहत नाही. ही चोख वाट सोडून लोक तासन् तास डिलीटचं बटण दाबत बसतात. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर टिक नाही ना, हे दोनदा बघा. जीएसटीच्या पोर्टलवरून आणि बँकेकडून उतरवलेल्या पीडीएफ सगळ्या तिथेच पडलेल्या असतात. ओळीनंच पुसत गेलात तर वर्षभराची स्टेटमेंट्स जातील.

‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ नावाचं फोल्डर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणतंय असं तुम्ही लिहिलंय. ते फोल्डर नाहीच. विंडोज एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रॅमना नवा पत्ता कळावा म्हणून ठेवलेली ती पाटी आहे, ‘यूजर्सकडे जा’ सांगणारी. आत डोकावता येऊ नये म्हणूनच ती बंद आहे, आणि ती जागाही खात नाही. जबरदस्तीने आत शिरून पुसायला गेलात तर पाटीमागचा खरा माल पुसला जायचा धोका असतो. जुन्या फोल्डरमधल्या अशा पाट्याही कधी कधी चालू विंडोजकडे बोट दाखवत असतात. ‘विंडोज डॉट ओल्ड’ हाताने न पुसण्याचं हे दुसरं कारण.

राहिली ‘दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी’ असलेली फाइल. तात्पुरत्या फाइलींच्या टेम्प फोल्डरमध्ये हे होणारच, ‘स्किप’ म्हणा. एखादी मोठी फाइल हटतच नसेल तर स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधून उघडा, सीपीयूच्या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’मध्ये फाइलीचं नाव टाका. कोणी धरून ठेवलीय त्याचं नाव समोर येतं. बहुतेकदा अँटिव्हायरस किंवा अपडेट निघतो. अपडेटची अर्धवट उतरलेली रद्दी असेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्स्फर’ या दोन सेवा थांबवा, ‘विंडोज’मधल्या ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’च्या ‘डाउनलोड’ फोल्डरच्या आतलं सगळं काढा, आणि सेवा पुन्हा चालू करा. शेवटचा भाग विसरू नका. फुकटचे ‘अनलॉकर’ आणि ‘रजिस्ट्री क्लीनर’ मात्र नकोत. त्यातले कित्येक आपल्याबरोबर दोन जाहिरातवाले पाहुणे आणतात.

उरलेली जागा अशी मिळेल. स्टार्टमधून ‘डिस्क क्लीनअप’ उघडा, ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबा आणि ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ निवडा. तुमच्या मशीनवर याला तासभरही लागू शकतो आणि पट्टी एकाच जागी थबकलेली दिसेल. मधेच बटण बंद करू नका. डेस्कटॉपला हायबरनेशनचा, म्हणजे बंद करताना चालू काम डिस्कवर साठवण्याचा, फारसा उपयोग नाही, आणि विंडोज १० त्यासाठी रॅमच्या साधारण ४० टक्के एवढी फाइल राखून ठेवते, म्हणजे तुमच्याकडे १.६ जीबीच्या आसपास. कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, एक जागा, तिरकी रेघ (स्लॅश) व लगेच ‘एच’, पुन्हा जागा, ‘ऑफ’ असं टाइप करून एंटर मारा. ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर ती चौकट साध्या हक्काने उघडलेली आहे एवढंच. शिवाय डी-ड्राइव्ह मोकळा असेल तर ‘डॉक्युमेंट्स’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’, ‘मूव्ह’ करून तो तिकडे हलवा. सी-ड्राइव्हवर निदान १५ जीबी मोकळी राहिली तर अपडेट गुदमरणार नाहीत.

आता खरी गोची. इतकं करून ४० जीबी मोकळी झाली, तरी टॅली उघडेपर्यंत चहा थंड होणं थांबेल असं नाही. भरलेला ड्राइव्ह म्हणजे संथ मशीन, हे तुम्ही गृहीत धरलंय. ते अर्धंच खरं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सकाळी मशीन चालू केल्यावर दहा मिनिटं ‘डिस्क’चा रकाना बघा. तो सतत १०० टक्क्यांवर असेल, तर दुखणं जागेचं नाही, फिरत्या डिस्कच्या वेगाचं आहे. ४ जीबी रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेलं ओझं त्याच डिस्कवर टाकते, आणि गाडं आणखी रुततं. याशिवाय तुमच्या जागेचा एक खास रोग आहे: सुताची लव. लूमपासून ऑफिस चार पावलांवर असलं की प्रोसेसरच्या पंख्यामागे लवेची अक्षरशः गादी बसते. सोलापूरच्या एप्रिलात पारा ४२-४३ वर गेला की आतला प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन बंद करून, वायर काढून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने ती लव काढा. पंखा मोकळा सोडून ब्लोअरने हवा मारली तर तो गरगर फिरून बिघडतो. याला एक रुपया लागत नाही, मालकांना हे आवडेल.

आणि मालकांशी बोलताना ‘नवीन कॉम्प्युटर घ्या’ अशी सुरुवात करू नका. २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), २५६ जीबीची, आणि जुन्या जातीचीच ४ जीबी रॅमची आणखी एक पट्टी, एवढंच मागा. रॅम घेताना मदरबोर्डला डीडीआर३ लागते की डीडीआर४, हे टास्क मॅनेजरवर विसंबून न राहता पट्टीवरचं लेबल वाचून ठरवा. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, चुकीची पट्टी बसतच नाही. एक गोष्ट मालकांना स्पष्ट सांगा. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. दहा-अकरा वर्षांच्या मशीनमध्ये तो असणार नाही. म्हणजे एसएसडी टाकून मशीन वेगाने चालेल, पण बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचा पासवर्ड त्यावर फार काळ ठेवू नये. मार्चअखेरचं काम निघून जाईल, पुढच्या वर्षाच्या खर्चात नवं मशीन धरायला सांगा. सीएंच्या तोंडून हे गेलं तर वजन पडेल.

काम कधी करायचं, तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुळीच नाही. दोन रविवारच्या सकाळी घ्या: पहिल्या रविवारी बॅकअप, डिस्कची तब्येत आणि प्रती. दुसऱ्या रविवारी साफसफाई. मध्ये आठवडा सोडण्याचं कारण, ‘अरे, ती फाइल कुठंय?’ हा प्रश्न नेहमी बुधवारी-गुरुवारी येतो, आणि तेव्हा जुनं फोल्डर अजून जागेवर असलेलं बरं.

एसएसडी आली तर जुनी हार्ड डिस्क पुसू नका, मेकॅनिकला बदल्यातही देऊ नका. ती अँटिस्टॅटिक पिशवीत घालून वर कागद चिकटवा: कोणत्या वर्षापर्यंतचा हिशेब, काढल्याची तारीख, आणि त्या वर्षाच्या विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने होईपर्यंत पुसू नये. मग मालकांच्या कपाटात, बिलबुकांच्या शेजारी ठेवा. लूमच्या बाजूला नको.